न चाखलेली चव

घरात तिला सगळे मुंगी म्हणायचे. बंद डब्यातली साखर कुठल्या फळीवर आहे, हे ती चार वर्षांची असताना दारातूनच सांगायची. आई म्हणायची, "नाक आणि जीभ देताना देवानं हिच्या बाबतीत हात आखडला नाही हो!" अशा या मुंगीला शिक्षण संपताच सॉसच्या कारखान्यात चव तपासायची नोकरी लागली. घरच्यांना वाटलं, मासोळीला पाणी मिळालं.

पाणी कसलं, डबकं!

दुकानांतून परत आलेल्या बाटल्यांचा मागच्या अंगणात ढीग असायचा. झाकणं फुगलेली, गळ्याशी करडी बुरशी. झाकण उघडलं की फस्स करून आंबट भपकारा यायचा आणि आतला लाल लगदा फेसाळत टाकीत पडायचा. बुरशी झाऱ्याने काढायची, माशा निघतील तेवढ्या निघायच्या. मग ओत साखर, ओत व्हिनेगर, टाक रंग, आण उकळी! नवी बाटली, नवी तारीख. माणसाच्या मुखात जायचं अन्न ते, आणि त्याची ही दशा.

मुंगीपुढे एक वही असे. रंग, वास, चव असे तीन रकाने, खाली सही. पानाखाली गुलाबी कागद. त्यावर नक्कल उमटायची आणि ती तपासणाऱ्याने स्वतःजवळ ठेवायची. फोरमन सकाळी आल्या आल्याच वही पुढे सरकवायचा.

"दिवसभराचं भरून टाक. नंतर धांदल होते."

"अहो, अजून टाकीखाली जाळ नाही. चव काय लिहू?"

"उत्तम लिही. उत्तमला शिजायला वेळ लागत नाही!" फोरमन स्वतःच्याच विनोदावर खो खो हसला.

पहिले काही दिवस तिचा हात अडखळला. मग हाताला वळण पडलं. दीड वर्षात तिने हजारदा 'उत्तम' लिहिलं आणि चमचा मात्र खणात गंजला. घरी येऊन ती दोनदोनदा केस धुवायची, तरी ताई नाक मुरडायची, "काय गं हा वास! फुलदाणीतलं आठवडाभराचं पाणी जणू." एका रविवारी ताईच्या लेकीने पावावर त्याच कारखान्याचा सॉस थापला. मुंगीने तो पाव तिच्या तोंडातून ओढून काढला. पोर भोकाड पसरून रडली. ताई म्हणाली, "वेड लागलं का तुला?" खरं कारण सांगायला मुंगीची जीभ रेटेना. त्याच संध्याकाळी तिने दुसऱ्या कारखान्यात अर्ज टाकला.

तिथली खोली स्वच्छ होती, खिडक्या उघड्या होत्या. पांढऱ्या कोटातल्या एका वयस्क बाईंनी तीन वाट्या, चमचा आणि कागद पुढे ठेवला.

"तपासा."

आणि काय झालं बघा! मुंगीने कागद ओढला, ओळीने तीनदा 'उत्तम' लिहिलं, सही ठोकली.

बाई कागदाकडे बघत राहिल्या. "चमचा तर कोरडा आहे."

मुंगीने स्वतःचं अक्षर पाहिलं. गोल, सुबक, खोटं. आजवर तिला टाकीची शिसारी येत होती. आज स्वतःच्या बोटांची आली. माशा तिथल्या टाकीत पडत होत्या, पण फेस हिच्या आत धरला होता. तिने रडत रडत सगळं सांगून टाकलं.

"झालं सांगून? आता चाखा," बाई म्हणाल्या.

पहिली वाटी चांगली. दुसरीत मीठ जास्त. तिसरा चमचा ओठाला लागला मात्र, तिने तो बशीत थुंकला. "हे आंबलंय. वरून साखर मारलीय. कुणाला देऊ नका!"

बाई पहिल्यांदा हसल्या. "जीभ शाबूत आहे. हाताचं बघू. जुन्या जागेचा दाखला घेऊन सोमवारी या. त्याशिवाय आमच्याकडे आत घेत नाहीत."

जुना मालक राजीनामा वाचून गोड हसला. "दाखला? देतो की! एवढं पुढच्या महिन्याचं भरून दे. नवीन माणूस मिळेपर्यंत आमचं अडायला नको."

त्याने वही पुढे सरकवली. तीसच्या तीस कोरी पानं. न शिजलेल्या सॉसची चव लिहायची होती. मुंगी उठली, टाकीतून चमचाभर सॉस घेऊन आली आणि मालकाच्या तोंडासमोर धरला.

"साहेब, एवढा घ्या. मग महिन्याचं काय, वर्षाचं भरते."

मालकाची खुर्ची मागे सरकली. नाकाला रुमाल लावून तो म्हणाला, "मला... पित्त आहे."

मुंगीने तो चमचा स्वतःच्या तोंडात घातला. डोळ्यांत पाणी तरारलं. कचऱ्याच्या डब्यात थुंकून तिने वही उघडली आणि त्या दिवसाच्या अजून कोऱ्या पानावर, चवीच्या रकान्यात, दाबून लिहिलं: 'आंबलेलं. खाण्यालायक नाही.' खाली सही.

"दाखला विसर आता!" मालक ओरडला.

तिने गुलाबी कागद फाडून घेतला, वही टेबलावर ठेवली आणि बाहेर पडली. घरापर्यंत ती थुंकत गेली, तरी तोंडातली घाण जाईना.

सोमवारी तो कागद तिने बाईंसमोर ठेवला. "एवढाच दाखला मिळाला."

बाईंनी वाचला, पुन्हा वाचला. "चाखून लिहिलंस?"

"चाखून."

"मग ये बाळ, आत ये. आधी चूळ भर."