शांतवन सरांच्या पेटीतला स्पीकर

दुकानात स्पीकर आला की मी आधी ब्लेड हातात घेतो. गिऱ्हाईक बोलत असतं, मी मान हलवत असतो आणि तेवढ्यात कोन कापून मोकळा होतो. कोन म्हणजे स्पीकरचा पुढचा कागद. तो एकदा कापला की गिऱ्हाईक स्पीकर उचलून शेजारच्या दुकानात जात नाही, ही माझ्या उस्तादाची शिकवण. श्रीरामपुरात तेवीस वर्षं धंदा करतोय, या शिकवणीनं मला एकदाच तोंडघशी पाडलं, आणि तेही नेमकं शांतवन सरांपुढे.

सरांनी मला सातवीला गणित शिकवलं. मी गणितात ढ, त्याला सरांचा इलाज नव्हता. पस्तीस वर्षं ते चर्चमध्ये दर रविवारी गिटार वाजवतात. त्यांची एक लाकडी पेटी आहे, आत तीस वॅटचा अँप आणि बारा इंची स्पीकर. एका शनिवारी ती पेटी मुकी झाली. सरांनी ती रिक्षातून आणून दुकानात ठेवली आणि समोरच्या टपरीवर चहाला गेले. मी स्पीकर काढला, सवयीनं कोन कापला, आणि मग आत बघितलं. कॉइल ठणठणीत होती. कोनाकडे जाणारी एक बारीक तार तुटली होती, बस्स. सोल्डरचा एक थेंब टाकला असता तर पेटी गायला लागली असती.

आता सरांना हे कुठल्या तोंडानं सांगू? त्या जुन्या स्पीकरचा कोन माझ्याकडे नव्हता. कॉइल जळली म्हणून सांगितलं आणि दुकानातला नवाकोरा पाचशे वॅटचा स्पीकर त्यांच्या पेटीत बसवून दिला. खरं सांगतो, मला वाटलं मी उपकारच केला. माझ्याकडे सगळे डीजेवाले येतात. त्यांच्यात बसून माणसाला वॅटशिवाय दुसरं काही दिसत नाही. तीसच्या जागी पाचशे मिळाल्यावर कुणाची काय तक्रार असणार?

दहा दिवसांनी सर परत आले. दुकानात तेव्हा राहुरीकडची डीजेवाली मंडळी बसली होती.

"मच्छिंद्र, आवाज उठत नाही रे," सर म्हणाले. "जोरात वाजवलं तरी तार बोलत नाही. नुसतं घुमतं. पूर्वी बोट नुसतं टेकवलं तरी उत्तर यायचं."

चार लोकांसमोर माझ्या कामात खोट काढली म्हणून माझं डोकं फिरलं. माझा राग म्हणजे दूध, बघता बघता उतू जातं. मी म्हणालो, "सर, पाचशे वॅटचा स्पीकर हाय त्यो. त्याला काय धाड भरलीय? तुमच्या बोटातच जोर ऱ्हायला नसंल."

मंडळी हसली. सरांनी उजवा हात वर करून बोटं मिटली, उघडली. "असेल," एवढंच म्हणाले आणि पायरी उतरून गेले.

पुढं दोन आठवडे मी ही गोष्ट विसरूनही गेलो, आणि याचीच मला आता जास्त लाज वाटते. मग एका दुपारी मार्थाकाकू आल्या, सरांच्या बायको. हातात भाजीची पिशवी. म्हणाल्या, "तुझ्या ओळखीत कुणी गिटार घेणारं आहे का रे? ह्यांना देऊन टाकायची आहे."

"द्यायची? का?"

"बोटं गेली म्हणतात. दोन रविवार नुसत्या हार्मोनियमवर गाणी झाली. हे मागच्या बाकावर बसतात. घरी सारखे बोटं मोडत असतात, तेल काय लावतात, चेंडू काय दाबतात. सत्तरीत एकदम म्हातारे झाले बघ."

काकू गेल्या. दुकानात पाच-सहा स्पीकर पडले होते, एकालाही हात लावावासा वाटेना. सर पेटीला दोष द्यायला आले होते आणि मी तो उचलून त्यांच्या बोटांवर टाकला होता. शिक्षक माणूस, विद्यार्थ्याचं खरं मानून बसला.

पण चूक नेमकी कुठं होती, हे मला अजून कळलं नव्हतं. मोटारसायकल काढली आणि बेलापूर गाठलं, कानिफनाथकडे. कानिफनाथ बँजो पार्टीवाला. डीजे आल्यापासून त्याची पार्टी बसली, पण तारेचं वाद्य आणि पेटी यातलं त्याला कळतं तेवढं आमच्या भागात कुणाला कळत नाही. मी सगळं सांगितलं, कापलेल्या कोनासकट. तो आधी पोट धरून हसला.

"आरं येड्या, तीस वॅटचा अँप आन् पाचशेचा स्पीकर? शेळी उसाच्या गाडीला जुपलीस की!"

मग त्यानं नीट समजावलं. डीजेच्या स्पीकरचा कागद जाड, कड कापडाची, कॉइल जड. त्याला हलवायलाच दांडगा अँप लागतो. गिटारच्या स्पीकरचा कागद पातळ आणि हलका असतो, वाद्याच्या आवाजात तो आपलाही थोडा आवाज मिसळतो. "जाड कागद नुसता निरोप पोचीवतो," कानिफनाथ म्हणाला. "पातळ कागद वाजीवणाऱ्याबरूबर गातो. सरांचा हात हलका. त्येला हलकाच कागद पायजे."

माळ्यावरच्या जुन्या पेट्यांतून त्यानं दोन स्पीकर काढले, दोन्ही पातळ कागदाचे. पेन्सिल सेल लावून बघितला, दोन्ही खट्खट् बोलले. बदल्यात त्यानं काय मागावं? सरांच्या पेटीतला तो पाचशे वॅटचा. "लगनात पोरं लई वॅट वॅट करत्यात, त्यांना दावाया," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरांच्या घरी. सर पेपर वाचत होते. गिटार खोळीत घालून, चेन लावून कोपऱ्यात उभी होती.

"पेटी सर्व्हिसिंग करायला आलोय," मी म्हणालो.

"आता कशाला? राहू दे."

मी ऐकतोय होय? चार स्क्रू काढले, पाचशेवाला बाहेर, कानिफनाथचा पहिला स्पीकर आत. फार विनवण्या केल्यावर सरांनी गिटार घेतली. तार छेडली तसा खणखणीत, कानात शिरणारा आवाज आला. सर दचकले. "हा तर भांडतोय माझ्याशी," म्हणाले. पण त्यांनी गिटार खाली ठेवली नाही, हे मी बघितलं.

पुन्हा चार स्क्रू, आणि दुसरा स्पीकर. दिसायला अगदी पहिल्याचा भाऊ. पण सरांनी एकच तार छेडली आणि खोली भरून गेली. गोल, उबदार आवाज, टोकाला जरासा खरखरीत, गाणाऱ्या माणसाच्या गळ्यात असतो तेवढा. तोच अँप, तीच गिटार, तीच बोटं. तेवीस वर्षं स्पीकर दुरुस्त करून मी हे पहिल्यांदा ऐकत होतो.

सरांनी हळू वाजवलं. मग आणखी हळू. शेवटी बोट तारेला नुसतं टेकवलं, तरी पेटीनं हुंकार दिला. आतून मार्थाकाकू पिठाच्या हातांनी दारात येऊन उभ्या राहिल्या.

"मग इतके दिवस काय झालं होतं रे?" सरांनी विचारलं.

उत्तर जिभेवर तयार होतं. नवा स्पीकर मोकळा व्हायला वेळ लागतो, सर. हे तसं खोटंही नाही, धंद्यात सगळेच सांगतात. सरांनी ते मानलंही असतं. पण त्यांनी पुन्हा आपल्या बोटांकडे पाहिलं, अजून जरा संशयानं, आणि मला ते सहन होईना.

"सर, तुमच्या बोटांना काय बी झालं न्हवतं. जुन्या स्पीकरची नुसती तार तुटली हुती. मी न बघताच कोन कापला. मग खोटं बोललो, नको तो स्पीकर बसीवला, आन् वरनं लोकांसमोर तुमच्याच बोटांवर घातलं. चुकी माझी हाय. समदी माझी."

"मेल्या!" काकू म्हणाल्या. "रात्र रात्र हात चोळत बसायचे हे. तुला काहीच कसं वाटलं नाही रे?" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी खाली मान घालून उभा राहिलो. मला वाटलं तेच त्या बोलल्या, म्हणून उलट बरं वाटलं.

सरांनी मात्र गिटारवर कपाळ टेकवलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. रडतायत की काय म्हणून मी घाबरलो, तर ते हसत होते.

"म्हणजे मार्था," ते म्हणाले, "दोन आठवडे मी फुकटच म्हातारा झालो होतो!"

त्यांनी गिटार मांडीवर सारखी केली आणि मला खुर्ची दाखवली.

"बस तू. सहा रविवारची गाणी वाजवायची राहिलीत."

"दोनच," काकू म्हणाल्या.

"पुढचे चार धरून," सर म्हणाले आणि वाजवायला लागले.