नको ऐकून घेणारी गाडी

मी एक जुनी ढकलगाडी आहे. माझ्या चार चाकांपैकी तीन सरळ स्वभावाची आहेत आणि चौथं सारखं डावीकडे ओढ घेतं. मला ढकलणारा माणूस म्हणूनच जरा तिरका होऊन चालतो. पण मित्रांनो, चालणाऱ्याच्याच चालीला लोक नावं ठेवतात. जिन्याखाली पडून राहिलेल्याला कुणी वाकडंही म्हणत नाही आणि सरळही म्हणत नाही. मी दोन्ही दिवस पाहिलेत, म्हणून सांगते.

माझा जन्म एका मोठ्या रुग्णालयाच्या तळघरातला. तिथे एका खोलीत वेल्डरकाका बसत. मोडक्या खाटा, गळके नळ, निखळलेल्या खुर्च्या, सगळं त्यांच्याच दारात येई. उरलेल्या नळ्या आणि पत्रा जोडून त्यांनी मला उभं केलं, ते मळक्या चादरी वाहायला. अकरा वर्षं मी चादरी वाहिल्या. कुठली घामानं भिजली आणि कुठली उशाकडच्या बाजूला डोळ्यांतल्या पाण्यानं भिजली, हे मला वजनावरून कळायचं. माणूस बरं वाटतंय म्हणून खोटं सांगेल, चादर सांगत नाही. पण चादरींच्या गाडीला कोण वा म्हणणार? एके दिवशी लिफ्टच्या उंबऱ्यावर आपटून माझं चाक वाकलं. दुसऱ्या दिवशी चकचकीत नवी गाडी आली आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. गरज सरो, वैद्य मरो, ही म्हण रुग्णालयातही खरी ठरते!

दोन वर्षं माझ्या अंगावर बादल्या आणि फरशी पुसायचे दांडे पडून होते. मग ताई आली.

ताईचा मुलगा याच रुग्णालयात तिसऱ्या मजल्यावर होता. तो मजला कर्करोग झालेल्या मुलांचा. तिचा मुलगा गेला. वर्षभर ती घराबाहेर पडली नाही, आणि पडली ती सरळ इथेच आली. चार माणसं गोळा करून तिनं एक संस्था काढली. काम एवढंच, की उपचार घेणाऱ्या मुलांना खेळणी द्यायची. त्यासाठी तिला गाडी हवी होती.

"काका, ही चालेल?" तिनं मला जिन्याखालून ओढत विचारलं.

"चालेल कसली! वाकडी जाईल."

"जाऊ दे वाकडी. मुलांपर्यंत पोचली म्हणजे झालं."

काकांनी मला घासलं, पिवळा रंग दिला, तीन कप्पे बसवले. वरचा कप्पा किती उंच ठेवायचा यावर त्यांचं अडलं. मग हा साठीचा माणूस बूट काढून मुलांच्या खाटेवर आडवा झाला, मान उशीवर टेकली आणि म्हणाला, "इथून मला जे दिसेल तिथं कप्पा." हाताला सुई लावलेलं मूल उठून बसू शकत नाही, पण त्याला पडल्या पडल्या सगळी खेळणी दिसली पाहिजेत. मला घडवणाऱ्यानं आधी आडवं होऊन पाहिलं, याचा मला आजही अभिमान वाटतो.

पुढच्या बाजूला त्यांनी काळ्या रंगानं काहीतरी लिहिलं. मला कुठलं वाचता येतंय! पुढे मुलं बोट ठेवून अक्षर अक्षर जुळवत, आणि ते ऐकून ऐकून उतारवयात मलाही ते पाठ झालं: निवड तुमची.

ताईचा नियम तीन शब्दांचा होता. विचारा, थांबा, ऐका. मूल जे मागेल ते द्यायचं. नको म्हणालं तर पुढं जायचं. आग्रह नाही, लाडीगोडी नाही, उशाशी गुपचूप ठेवून येणं नाही. "माझ्या मुलाला वर्षभर सगळ्यांनी सगळं दिलं," ती सांगायची, "पण काय हवं हे विचारलं कुणीच नाही. मीसुद्धा नाही."

तळघरातल्या एका खोलीत खेळणी निवडली जात. या मुलांना औषधांमुळे साधी सर्दीही महाग पडते, म्हणून खेळणं नवं, न उघडलेलं आणि पुसून घेता येईल असंच लागतं. धर्माची गाय, दात का गं नाही, असं विचारू नये म्हणतात. पण इथे दात मोजावेच लागतात. कुणी एका डोळ्याची बाहुली पाठवतं, कुणी तीन चाकांची मोटार. घरातली अडगळ गेली आणि पुण्यही लागलं! ताई अशी खोकी पाहून चिडत नसे. फक्त म्हणायची, "यांच्या मुलांना हे चाललं असतं का?"

आणि मला ढकलायला आली मावशी.

मावशी म्हणजे सत्तावीस वर्षं बसमध्ये तिकिटं फाडून निवृत्त झालेली बाई. आवाज असा, की शेवटच्या बाकावरचा पेंगुळलेला उठून बसावा. दर बुधवारी ती माझ्या नळीवर किल्लीनं ठणठण करायची आणि दारातूनच ओरडायची, "चला, पुढचा थांबा खिडकीजवळचा! कोण चढतंय?"

"मावशी, तिकीट?" एक टोपीवाला मुलगा विचारायचा.

"तुझ्या हाताला सुई आहे ना? तोच पास. बोल लवकर, काय देऊ?"

लवकर हा शब्द तिच्या हाडीमाशी खिळलेला. नियमातलं विचारणं तिला सोपं होतं, थांबणं फार जड जायचं. एकदा एका मुलानं पाऊण तास सगळी खेळणी हाताळली आणि अखेर पहिलंच उचललं. मावशी घामाघूम! पण ती शिकत गेली. मोठे डॉक्टरही एकदा माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "हिच्यामुळं बुधवारी मुलं दार बघत बसतात." आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझं कौतुक केलं, मित्रांनो. मी मात्र डावीकडंच गेले.

मग कोपऱ्यातल्या खाटेवर ती मुलगी आली.

आठ वर्षांची असेल. दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडून राहायची, म्हणून वॉर्डात तिचं नाव पडलं भिंतवाली. आई घरी तान्ह्या बाळापाशी, बाप कामावर. सोबतीला आजोबा. ते गवंडी होते. सिमेंटनं खाल्लेली बोटं मांडीवर ठेवून स्टुलावर बसून असायचे.

"काही हवंय का गं?" मावशीनं पहिल्या बुधवारी विचारलं.

"नको."

"अगं, बघ तरी."

"नको."

दुसऱ्या बुधवारी नको. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या बुधवारी नको. मावशी पुढं निघायची. पण माझा मागचा भाग खाटेकडं असायचा आणि मला एक गोष्ट दिसायची. आम्ही वळलो की ती मान फिरवून आम्हाला जाताना बघायची, आणि तेवढाच वेळ तिचा चेहरा सैल असायचा. मला बोलता आलं असतं तर मी मावशीला सांगितलं असतं.

सहाव्या बुधवारी दुपारी ती झोपली होती. आजोबा उठून आमच्याजवळ आले.

"ताईसाहेब, एक विनंती करू?"

"मावशी म्हणा. सगळेच म्हणतात."

"मावशी, डॉक्टर म्हणतात औषध लागू पडतंय. पण पोर जेवत नाही, हसत नाही. कशालाही नकोच म्हणते. हिनं मनातून हात टेकले की काय, या धास्तीनं माझ्या घशाखाली घास उतरत नाही. एखादी बाहुली ठेवा ना हिच्या उशाशी. उठेल, बघेल, हसेल."

"आजोबा, आमचा नियम आहे हो."

"मी जन्मभर भिंती बांधल्या," आजोबा म्हणाले, "पण ही अशी भिंतीकडं तोंड करून पडली की वाटतं, एकही बांधली नसती तर बरं झालं असतं."

मावशीनं इकडंतिकडं पाहिलं आणि निळ्या झग्याची बाहुली उचलून उशाशी ठेवली. माया होती ती, दुसरं काही नव्हतं. पण मायेलाही कधी कधी घाई होते.

पुढच्या बुधवारी बाहुली स्टुलाखाली पडली होती. वरचा कागदही निघाला नव्हता.

"काही हवंय का गं?"

उत्तर नाही.

"काही हवंय का?"

भिंतीकडं वळलेली पाठ हललीसुद्धा नाही. आजोबा हळू आवाजात म्हणाले, "त्या दिवसापासून असंच आहे. आधी दुधाला नको, गोळीला नको, आंघोळीला नको. आता जे देऊ ते गिळते, जिकडं वळवू तिकडं वळते. सिस्टर म्हणतात, शहाणी झाली. मला तर तिच्या नकोपेक्षा या शहाणपणाचीच भीती वाटते."

मावशीनं किल्ली खिशात टाकली. गुडघे धरत, कुरकुरत ती फरशीवर बसली. तीन खाटा अजून बाकी होत्या, पण त्या दिवशी तिनं घड्याळाकडं पाहिलं नाही.

"ही बाहुली मी ठेवली," ती त्या पाठीला म्हणाली. "तू झोपली होतीस. तुला विचारलं नाही. चुकलं माझं."

कुणाचं तरी सलाईन संपलं, सिस्टर येऊन बदलून गेली. मग भिंतीकडूनच आवाज आला.

"सगळे न विचारता करतात. सुई न विचारता टोचतात. केस न विचारता कापले. तुम्ही एकट्या विचारायच्या. मी नको म्हटलं की खरंच जायच्या."

"म्हणून नको म्हणायचीस?"

"हं."

आजोबांनी तोंडावर पंचा धरला. मावशीनं बाहुली उचलली. "ही परत नेऊ का मी?"

मावशी थांबली. मी तिला इतकं थांबलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"न्या."

आम्ही बाहुली घेऊन निघालो. त्या दिवशी किल्लीची ठणठण झाली नाही. मला वाटलं, हा थांबा आता आपल्याला कायमचा बंद झाला. चूक वेळेवर कबूल केली, तरी मूल विश्वास ठेवील याची हमी कुठं असते?

पुढच्या बुधवारी मावशी कोपऱ्याजवळ आली तेव्हा तिच्या तळहातांच्या घामानं माझी मूठ ओली झाली होती.

"काही हवंय का गं?"

"नको."

मावशीचा चेहरा असा फुलला, की शेजारच्या खाटेवरची आईसुद्धा वळून बघू लागली.

"अहो, नको म्हणाली आणि तुम्ही हसताय?" आजोबा गोंधळले.

"आजोबा, सत्तावीस वर्षं मी लोकांना पुढं सरका, पुढं सरका म्हणत आले. आज कुणीतरी मला सरकवलं. चला, सरकते!" आणि ती खरोखरच पुढं गेली.

असे आणखी तीन बुधवार गेले. चौथ्या बुधवारी आम्ही पोचलो तर तिचं तोंड आमच्याकडं होतं. शेजारी वॉर्डमधले मदतनीस मामा चाकाची खुर्ची घेऊन उभे होते, कारण हातातली सुई बदलायला तिला आतल्या खोलीत न्यायचं होतं.

"काही हवंय का?"

"खालच्या कप्प्यात काय आहे?"

आजोबा स्टुलावरून अर्धवट उठले आणि तसेच राहिले. मावशीनं एकेक वस्तू काढून खाटेवर मांडली.

"हे नको. हेही नको. हे दाखवा. नको."

"मावशी," मामा कुजबुजले, "डॉक्टर वाट बघतायत."

"मामा, प्रवासी चढतोय. गाडी हलायची नाही."

"पण मला बोलणी बसतील!"

"माझं नाव सांगा. मला सवय आहे."

मामांनी खुर्चीचा ब्रेक लावला आणि स्वतःच त्या खुर्चीत बसले. सात वस्तू नापास झाल्या. आठवं होतं किल्लीचं हिरवं कासव. तिनं ते उलटंसुलटं पाहिलं, किल्ली दिली आणि चादरीवर सोडलं. ते घरघरत दोन वीत चाललं आणि थांबलं. मावशीचा हात पुढं गेला, पण तिनं तो मागं घेतला. मुलीनं स्वतःच पुन्हा किल्ली दिली.

"हे हवंय," ती म्हणाली.

आता आजोबाच भिंतीकडं तोंड करून उभे होते, आणि त्यांचे खांदे हलत होते.

मामांनी तिला खुर्चीत बसवून आत नेलं. कासव मांडीवर होतं. मी बाहेरच्या व्हरांड्यात उभी होते आणि दार अर्धवट उघडं होतं, म्हणून मला ऐकू आलं.

"डॉक्टर, या हाताला नको. तो दुखतो. त्या हाताला टोचा."

"बरं," डॉक्टर म्हणाले. "त्या हाताला. आणि तू सांगशील तेव्हा."

भांड्यांचा आवाज नाही, पावलांचा नाही. कितीतरी वेळानं तिचा आवाज आला. "हं. आता."

मित्रांनो, तिचे उपचार अजून पाच महिने आहेत. ती बरी होऊन घरी गेली, असं सांगून मी तुम्हाला खूश करणार नाही, कारण तो दिवस अजून यायचाय. पण हल्ली ती दूध मागून पिते, आणि कमी साखरेचं असेल तर परतही पाठवते. आजोबा दोन घास जेवतात.

मी जुनी झालेय. काका निवृत्त झाले, चाक आता दुरुस्त व्हायचं नाही. माझी तुमच्याकडं एवढीच मागणी आहे. कुणाला काही देताना चांगलं द्या, आपल्याला चाललं असतं असं द्या. पण देण्याआधी विचारा. विचारल्यावर थांबा. आणि उत्तर नको असं आलं तर रुसू नका. पुढच्या बुधवारी पुन्हा विचारा.