रोल संपू दे, मग धुवू

मी एक कॅमेरा. बोलतोय ते हौसेनं नव्हे, वैतागून. माणसांबद्दल चार गोड शब्द ऐकायचे असतील तर छत्रीकडं जा, घड्याळाकडं जा. माझ्याकडं तसलं काही उरलेलं नाही.

जन्म माझा परदेशातला, जात रेंजफाइंडर. माझ्या खिडकीतून बघितलं की मधल्या पिवळसर चौकोनात समोरचा माणूस दोनदा दिसतो. भिंगाचं कडं फिरवायचं, दोन्ही आकृत्या एकावर एक बसल्या की बटण दाबायचं. काम सावकाशीचं, पण आवाज म्हणाल तर चिमणीनं दाणा टिपावा एवढाच.

सुभेदार मानसिंगानं मला निवृत्त होणाऱ्या एका साहेबाकडून विकत घेतलं. घेताना माझ्यात शंभर खोडी काढल्या. कातडं झिजलंय, कोपरा ठेचलाय, मॉडेल जुनं झालंय. आणि कराडजवळच्या आपल्या मळ्यात पाय ठेवल्याबरोबर मी एकदम 'फॉरेनचा' झालो. घेताना गारगोटी आणि मिरवताना हिरा. मला माणसांची शिसारी यायला तिथूनच सुरुवात झाली.

मला ठेवलं शोकेसमध्ये, प्लास्टिकच्या फुलांशेजारी. पाहुणे आले की कुलूप काढायचं आणि मला हातोहात फिरवायचं. चिवड्याच्या तेलकट बोटांनी लोक माझं भिंग चाचपायचे, "वजनाला लय भारी हाय" म्हणायचे, मग भिंगावर हाऽ करून धोतराच्या सोग्यानं पुसायचे. शी! तंबाखूचा तो वास मला अजून विसरता येत नाही.

त्या घरात मला हात न लावणारं एकच माणूस होतं, मानसिंगाची आई चंद्राबाई. ती काचेबाहेर उभी राहून माझ्याकडं बघायची. तिच्या नवऱ्याचा वर्दीतला फोटो सोप्याच्या भिंतीवर होता. तिचा स्वतःचा मात्र उभ्या जन्मात एकही निघालेला नव्हता.

"मानसिंगा, माझा एक काढ की रं," ती म्हणायची. "तुझा बा भित्तीवर जाऊन बसलाय. मला बी बसायचं हाय, पर जित्तेपणी. मेल्यावर हार घातल्याला मला दिसतोय व्हय?"

एक्क्याण्णवच्या दिवाळीत सुट्टीवर आलेल्या मानसिंगाला एकदाची सवड झाली. रोलमध्ये आधी त्यानं नव्या ट्रॅक्टरचे, ट्रॅक्टरवर बसलेल्या स्वतःचे असे फोटो घालवले होते. मग आईला जोत्यावर बसवलं आणि दरडावलं, "हसू नगं, फोटो खराब येतोय." एवढं ऐकल्यावर म्हातारीला हसू आवरेना. पदर तोंडाला लावला, काढला, पुन्हा लावला. शेवटी पदर सोडून ती मोकळी हसली, दोन दात राहिलेलं तोंड उघडून. माझ्या खिडकीतल्या दोन चंद्राबाई तेवढ्यात एक झाल्या आणि मी टिपलं. त्या घरात मला बरं वाटलं ते तेवढंच.

"दाव की," ती म्हणाली.

"आई, आसा लगीच येत न्हाई त्यो. रोल संपू दे, मग धुवू."

आता तो रोल संपणार कधी? अर्धा बाकी होता. आणि फिल्म म्हणजे या लोकांना तूप वाटायचं, जपूनच वाढायचं. फुलाचा नको, वासराचा नको, काहीतरी कार्य निघू दे. कार्य निघालं की फोटोवाला बोलवायचे, कारण त्याच्याकडं फ्लॅश. मी शोकेसमध्येच आणि चंद्राबाई माझ्या पोटात.

दर सुट्टीला ती विचारायची, "आला का रं माझा फोटू?" आणि दर सुट्टीला हा म्हणायचा, "रोल संपला की."

एकदा ती म्हणाली, "मग उरल्याला म्हशीचा काढ. संपंल तरी."

सगळं घर पोट धरून हसलं. म्हशीवर कुणी फिल्म घालवतं का! चंद्राबाईही त्यांच्याबरोबर हसली. मला मात्र तेव्हा त्या सगळ्यांची किळस आली.

शहाण्णव साली चंद्राबाई गेली. तेराव्याला फोटो हवा झाला, तेव्हा मानसिंगाची मुलगी दीपमाला बापाला म्हणाली, "दादा, आज्जीचा कॅमेऱ्यात हाय की. स्टुडिओत न्या, मदीच काढून देत्यात." बरोबर बोलत होती पोर. पण सुभेदाराला पटेल तर शपथ. "अर्धा रोल काढला तर सगळा खराब व्हतोय. पुढं बघू." मग पेंटरला बोलावलं. त्यानं म्हातारी कधी बघितलेली नव्हती, म्हणून मानसिंगाला समोर बसवून चित्र रंगवलं. भिंतीवर लागला तो मिशा काढलेला मानसिंगच, वर कुंकू आणि नथ. लोक त्याच्या पाया पडले.

पुढच्या वर्षी मानसिंगाच्या मुलाला, उदयसिंहाला, बटण दाबलं की आपोआप सगळं करणारा कॅमेरा हवासा झाला. मग मला घेऊन तो मिरजेला प्रबुद्धकडं आला. हा प्रबुद्ध गाण्याच्या बैठकीत फोटो काढायचा. गवई चिडू नयेत म्हणून त्याला गुपचूप चालणारा कॅमेरा हवा होता.

त्याच्या दुकानाच्या पायरीवर भर उन्हात माझी तपासणी सुरू झाली. "मिल्ट्रीतला हाय, फॉरेनचा. वापरल्यालाच न्हाई," उदयसिंह म्हणाला. प्रबुद्धनं भिंग बघितलं, पिवळा चौकोन बघितला. मग रोल गुंडाळायचं बटण फिरवून बघितलं आणि कपाळाला आठी घातली.

"हे जड फिरतंय. आत रोल नाही ना?"

"छ्या. आमच्यात रोल टाकतोय कोण?"

"मग काहीतरी अडकलंय. दुरुस्तीचं कमी करावं लागेल."

काय अडकलं होतं ते मला माहीत होतं. ती अडकली होती. आणि हे दोघे तिला खोट समजून भाव पाडत होते. थोडी घासाघीस होऊन भाव उतरला. मग आत बघावं म्हणून प्रबुद्धनं माझं मागचं झाकण उघडलं.

फिल्मवर ऊन पडलं. त्यानं घाईनं झाकण मिटलं, पण जे फोटो निघाले होते ते ऊन लागून पार पुसले गेले होते. न काढलेले तेवढे रोलच्या डबीत सुखरूप राहिले.

"अहो, रोल होता की आत," प्रबुद्ध म्हणाला. "कुणाचे फोटो होते?"

उदयसिंहानं डोकं खाजवलं. "आज्जीचा आसंल एक. दिवाळीतला."

"आज्जींचा दुसरा आहे ना?"

"भित्तीवर पेंटरचा हाय की. गेला त्यो गेला."

प्रबुद्धचं तोंड उतरलं. त्यानं तो रोल बाहेर काढला. उदयसिंह जवळ सरकला.

"आता त्ये बटण फिरवून बघा बरं," तो म्हणाला. "हलकं झालं आसंल तर मगाशी कमी केल्यालं वाढवून द्या."

बटण हलकं झालं होतं. प्रबुद्धनं मान खाली घालून पूर्ण पैसे दिले. भाव रास्त झाला, असं उदयसिंह जाताना दोनदा म्हणाला.

तेव्हापासून मी मिरजेत आहे. प्रबुद्ध मला मऊ फडक्यानं पुसतो. ज्याचा फोटो काढला त्याला त्याच आठवड्यात नेऊन देतो. त्याच्यावर माझा राग नाही. पण माझ्यासारखा जुना कॅमेरा घ्यायला निघालात तर तुम्हाला एवढंच सांगणं आहे. भाव खुशाल पाडा. त्याआधी विकणाऱ्याला विचारा, आत कुणी राहिलंय का. तो नाही म्हणेल. तरी अंधारात नेऊनच उघडा.