अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र

“काका, उद्या वाचनाला एकशेपन्नासावं स्तोत्र घ्या. ढोल, झांजा, सगळं आहे त्यात. तुमच्या आवाजात मजा येईल ने!” फोनवर चर्चचे पाळकसाहेब म्हणाले.

“चालेल,” भास्करराव म्हणाले आणि तपासणी केंद्राच्या पायरीवर मटकन बसले.

फुप्फुसावर डाग निघाला होता. मंगळवारी सुई घालून तुकडा काढून घेतला होता. आज रिपोर्ट मिळायचा, तर काउंटरवरची मुलगी गोड हसून गुजरातीत म्हणाली, “सोमवारे अगियार वागे, काका. डॉक्टर जाते समजावशे.” डॉक्टर स्वतः कशाला समजावतील? चांगली बातमी समजवावी लागते होय? भास्कररावांनी स्कूटर काढली, पण मांजलपूरच्या सिग्नलला घराकडे डावीकडे वळायचे की उजवीकडे, हेच आठवेना. पंधरा वर्षांचा रस्ता! मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न मारमारून जीव नकोसा केला, तेव्हा कुठे ते हलले.

त्यांच्या बायकोला, मंदाताईंना यातले काही ठाऊक नव्हते. मंगळवारी आणि आज, दोन्ही वेळा करजणला मित्राकडे, जयसिंगरावांकडे जातो म्हणून ते बाहेर पडले होते.

“कसा आहे त्यांचा गुडघा?” मंदाताईंनी विचारले.

“बरा आहे.”

“आणि तुमचा चेहरा असा का?”

“ऊन केवढं आहे!” असे म्हणत ते आत गेले आणि अभ्यासाची वही उघडून बसले.

कोयलीच्या रिफायनरीत तेहतीस वर्षे दाबमापकांचे काटे पाहण्यात गेली. निवृत्तीनंतर माणसे बागेत फिरतात, भास्करराव हिब्रू शिकू लागले. दर गुरुवारी संध्याकाळी चर्चच्या मागच्या खोलीत पाळकसाहेबांचा वर्ग भरे. विद्यार्थी चार, त्यातले दोन चहापुरते. पोरगेल्या पाळकांपुढे हा अडुसष्ट वर्षांचा गडी उजवीकडून डावीकडे अक्षरे गिरवी आणि चुकला की स्वतःवरच चिडे. बायबलमधल्या त्या जुन्या कवितेत यमक नसते, एकच गोष्ट दोनदा सांगतात आणि दुसऱ्यांदा एक पाऊल पुढे टाकतात, हे कळले त्या दिवशी ते इतके खूश झाले, की येताना अर्धा किलो जिलबी घेऊन आले.

पण गेल्या महिन्यात पाळकसाहेबांनी सांगितले, की निम्म्याच्या आसपास स्तोत्रे म्हणजे रडगाणीच आहेत. उपासनेत आपण त्यांना कात्री लावतो, एवढेच. बाकीची बहुतेक रडूनभेकून शेवटी देवावर विसावतात. अठ्ठ्याऐंशीवे तेवढे विसावत नाही. माणूस हाका मारत राहतो, उत्तर येत नाही, आणि मूळ हिब्रूत शेवटचा शब्दच अंधार.

“मग ठेवलं कशाला ते?” भास्कररावांनी विचारले होते.

“ज्याला दुसरं काही म्हणवत नाही, त्याच्यासाठी.”

घरी येऊन त्यांनी हे मंदाताईंना सांगितले, तेव्हा त्या मेथी निवडत होत्या. “बाई गं! देवासमोर असं कोण म्हणेल? तशीच वेळ आल्याशिवाय नाही म्हणायचा कुणी,” त्या म्हणाल्या होत्या.

रविवारी आठच्या मराठी उपासनेला चाळीसएक माणसे होती. भास्करराव वाचनाला उभे राहिले. एक वचन त्यांनी वाचायचे, पुढचे मंडळीने, अशी तिथली रीत. पुस्तकात एकशेपन्नासाव्या स्तोत्रावर खूण घातलेली होती. ढोल, झांजा. भास्कररावांना भीती वाटत होती, साधी, लहान मुलाला वाटते तशी भीती, आणि ती घेऊन झांजा वाजवणे त्यांच्याने होईना.

“स्तोत्र अठ्ठ्याऐंशी,” ते म्हणाले.

पाळकसाहेबांनी चमकून वर पाहिले. पाने सळसळली. मंडळीने पहिले उत्तर नेहमीच्या ठसक्यात दिले, दुसरे जरा दबकत. बायकांच्या बाजूचा मंदाताईंचा आवाज भास्कररावांना चाळिसातून ओळखू येई. तिसऱ्या उत्तराला तो नव्हता. वर पाहायची त्यांची छाती झाली नाही. कळले तिला, एवढेच त्यांना कळले, आणि पुढचे वचन वाचताना ओळी डोळ्यांपुढे हलू लागल्या.

मग तो आवाज पुन्हा आला, सगळ्यांच्या वर, सगळ्यांच्या आधी. मंदाताई देवाला जाब विचारत होत्या. एरवी भाजीवाल्याशीही त्या असा आवाज चढवत नसत.

शेवटच्या शब्दानंतर पेटीवर बसलेल्या दिनकररावांनी सवयीने गौरवगीताचा सूर धरला. पाळकसाहेबांनी हात वर केला. सूर थांबला. उपासना संपली, तेव्हा दहाच्या गुजराती उपासनेची मंडळी बाहेर जमू लागली होती.

आवारात मंदाताई स्कूटरजवळ आल्या.

“कुठे आहे?”

“फुप्फुसात. अजून नक्की नाही. रिपोर्ट उद्या.”

“उद्या किती वाजता?”

“अकरा.”

“मी येणार.”

“अगं, तू कशाला उगीच...”

“गप्प बसा.”

भास्करराव किल्ली लावू लागले. ती भोकात जाईना. एकदा खाली पडली. त्यांनी वाकून उचलली आणि पुन्हा लावू लागले. मंदाताईंनी ती मागितली नाही. पदर डोक्यावर ओढून त्या उन्हात उभ्या राहिल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना नवरा दिसू नये अशा बेताने जरा पुढे सरकल्या.

“होऊ द्या सावकाश,” त्या म्हणाल्या.