डाव्या कमरेचे चाकू

"बाबा, तुमचा चाकू काढताना सगळे स्वतःलाच मिठी का मारतात?"

विचारला मीच, पण हा प्रश्न माझा नव्हे. चष्मिस आणि लंबू या माझ्या दोन मैत्रिणी गेल्या रविवारी डोंगर चढायच्या मंडळाबरोबर गेल्या होत्या. सोमवारी मधल्या सुट्टीत दोघींनी मला जिन्याखाली गाठलं. लंबूने पोटावरून हात आडवा घालून डाव्या कमरेवरचा अदृश्य चाकू उपसून दाखवला. "सगळे असंच करतात! दोर कापायचा म्हटलं की वीस माणसं स्वतःला कवटाळतात. विचार ना तुझ्या बाबांना. की घाबरतेस?"

घाबरते? मी? वक्तृत्व स्पर्धेत दुसरा नंबर आल्यापासून मी कुणालाही घाबरत नाही. तरी विचारायला शनिवार उजाडला, कारण बाबांचं डोकं ठिकाणावर नव्हतं.

आमच्या घराला लागूनच बाबांचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे एक खोली, एक भट्टी, धार लावायचा एक पट्टा आणि सगळीकडे काळी धूळ. बाबा छोटे चाकू बनवतात. पातं माझ्या मधल्या बोटाएवढं, मूठ लाकडाची. दुमडत नाही, खटका नाही, स्प्रिंग नाही, त्यामुळे मोडायलाही काही नाही, हे बाबांचं आवडतं वाक्य. डोंगरात न्या, बागेत न्या, खोकी फोडा, सफरचंद सोला. स्वस्त इतका की हरवला तरी माणूस रडत नाही, दुसरा घ्यायला येतो. त्याचं चामड्याचं म्यान आई शिवते. अशी चौदा वर्षं चालली होती.

आणि मग शिट्टी सर आले. शिट्टी सर म्हणजे आमच्या शाळेचे व्यायामाचे सर, मंडळाचे प्रमुख. गळ्यातली शिट्टी ते झोपतानाही काढत नसावेत. ते म्हणाले, "यंदा चाळीस नवे सभासद आहेत. पण चाकू काढायला अवघड जातो हो. बाजारात दुसरे आलेत. दोन आठवड्यांनी रविवारी येतो, काही सुधारलं असेल तर बघू."

ही मागणी गेली तर बाबा भट्टी बंद करून मोठ्या भांडी कारखान्यात नोकरीला जाणार होते. तिथून पत्रही आलं होतं. चांगलं जाड, गुळगुळीत कागदावर. सोमवारी सही करून परत द्यायचं होतं. घरात कुणी त्या पत्राचं नाव काढत नव्हतं आणि सगळे त्याच्याकडेच बघत होते. मला मात्र सुट्टीत आत्याकडे कॉम्प्युटरच्या क्लासला पाठवायचं, हे मला न विचारताच ठरून गेलं होतं.

बाबांच्या डोक्यात बसलं की दोष मुठीचा. दोन आठवड्यांत त्यांनी अकरा मुठी केल्या. जाड मूठ, बारीक मूठ, खाचांची मूठ, एक तर बटाट्यासारखी. दर वेळी चाकू टेबलावर ठेवायचे, उचलायचे आणि म्हणायचे, "छान तर बसतोय हातात!"

तर, मी प्रश्न विचारला. बाबांनी पट्टा बंद केला.

"कसली मिठी?"

मी करून दाखवलं. बाबा हसलेच नाहीत. त्यांनी स्वतःच्या कमरेच्या पट्ट्यात म्यान अडकवलं, उजव्या बाजूला. चौदा वर्षांत पहिल्यांदा! चाकू बनवणारा माणूस चाकू कमरेला लावत नाही, त्याचा कायम टेबलावर पडलेला असतो. बाबांनी उजवा हात खाली नेला. म्यानाचं बटण अंगाच्या बाजूला गेलं होतं. ते कसंबसं उघडून चाकू उपसला तर धार भलतीकडे. मग म्यान डाव्या बाजूला लावलं. बटण पुढे आलं, धार नीट बसली, पण उजवा हात तिथे पोचायला पोटावरून आडवा न्यावा लागला. स्वतःला मिठी मारून बाबा तसेच उभे राहिले.

"अगं ए," त्यांनी स्वयंपाकघराकडे हाक मारली. "जरा येतेस?"

आई आली, हातातल्या कापडाला हात पुसत.

"हा चाकू काढून दाखव."

आईने म्यान डाव्या कमरेला लावलं. डावा हात खाली गेला, अंगठ्याने बटण टक्, चाकू बाहेर. लोण्यातून काढावा तसा.

"काय झालं? चांगला तर निघतोय."

आम्ही दोघं तिच्या डाव्या हाताकडे बघत होतो. आई डावखुरी आहे हे काय आम्हाला माहीत नव्हतं? माहीत होतं. पण घरातल्या नळाकडे जसं कुणी बघत नाही, तसं तिच्या हाताकडे कुणी बघत नव्हतं. ती म्यान शिवायची, स्वतःच्या कमरेला लावून तपासायची, पास करायची. अख्ख्या गावाला तिने डावखुरं करून ठेवलं होतं!

मला हसू आवरेना. आईला मात्र आवरलं.

"म्हणजे चूक माझी," ती म्हणाली. "चौदा वर्षांत एका माणसाला तोंड उघडता आलं नाही?"

"अगं, चूक असं नाही..." बाबा.

"मग काय? बटाट्याची मूठ तुम्ही हौसेने केलीत?"

आई तणतणत शिवायला बसली. तासाभराने नवं म्यान टेबलावर आपटलं. "घ्या, उजवं." बाबांनी लावून बघितलं. डावंच होतं. सवयीने हात तिकडेच वळला होता. तिने दुसऱ्यांदा केलं, पुन्हा डावं. तिसऱ्यांदा तिने चामडं टोचायची आरी खाली ठेवली आणि काही न बोलता आत गेली. आई काही न बोलता कुठे गेली की समजावं, फार लागलंय.

मग मी बसले. मी उजवी! घरात बाबांनंतर उजवी मीच, आणि बाबांच्या बोटांत सुई दिली तर रक्तदानच होतं. आईचा पुठ्ठ्याचा नमुना घेतला आणि आरशातल्यासारखा उलटा काढायला जाडसा कागद शोधला. टेबलावर होता एक. चांगला गुळगुळीत. आखला, कापला. आणि कापून झाल्यावर लक्षात आलं की आईचा पुठ्ठा नुसता पालथा घातला असता तरी काम झालं असतं.

त्यानंतर लक्षात आलं, कागद कसला होता ते.

मी तो खोक्याखाली सरकवला आणि दुप्पट जोमाने शिवायला लागले. दोऱ्याला मेण लावायचं विसरले, दोनदा बोट टोचलं. टाके असे पडले की जणू मुंगी दारू पिऊन चालली होती. पण उजव्या कमरेला लावलं, हात सरळ खाली नेला, टक्! चाकू बाहेर.

आई दारात उभी होती. तिने म्यान घेऊन टाके बघितले. "हे काय शिवलंयस?" म्हणाली. मग शेजारी बसली आणि दोऱ्याला मेण कसं लावतात ते दाखवलं.

रविवारी सकाळी शिट्टी सर आले, बरोबर दोन नवे सभासद. बाबांनी माझं म्यान पुढे केलं. नव्या दोघांनी पहिल्याच झटक्यात चाकू काढला. सरांनी उजव्या कमरेला लावलं, आणि त्यांचा हात गेला सरळ डावीकडे. रिकाम्या कमरेला चाचपत राहिला.

"सर, उजवीकडे," मी म्हणाले.

"माहीत आहे गं! पण हात ऐकत नाही." सर लाल झाले. "आम्हाला वाटलं हीच पद्धत आहे. मी तर शिकवतोसुद्धा. पोट आत, हात आडवा!"

आई फस्सकन हसली. दोन आठवड्यांत पहिल्यांदा. मग बाबा, मग सगळेच.

"नव्या चाळीस जणांना उजवी द्या," सर म्हणाले. "पण आम्हा जुन्यांना डावीच राहू द्या. या वयात कुठे हात बदलायचा?" जाताना त्यांनी आईला वाकून नमस्कारच केला. "वहिनी, चौदा वर्षं कवायत करून घेतलीत आमच्याकडून."

ते गेल्यावर बाबा टेबलावर काहीतरी शोधू लागले. फळ्या हलवल्या, मग खोक्याकडे हात गेला. "इथे ते पत्र होतं ना? आता नकारच कळवायचाय, पण नीट कळवायला हवं."

मी घसा साफ केला. वक्तृत्वात शिकवलंय, आधी सरळ उभं राहायचं, मग बोलायचं.

"आई, बाबा, मला एक सांगायचंय. ते पत्र आता म्यानाच्या आकाराचं आहे." बाबांचं तोंड उघडलं, पण मी थांबले नाही. "आणि दुसरं. सुट्टीत मी आत्याकडे कॉम्प्युटरच्या क्लासला जाणार नाही. डावी म्यानं आई शिवेल, उजवी मी शिवणार, चाळीसच्या चाळीस. ठरलं माझं."