यंत्रमानवाच्या आतला माणूस

मित्रांनो, मी एक जुना यंत्रमानव आहे. खरे सांगायचे तर मी यंत्रही नाही आणि मानवही नाही. यंत्रमानवाचा नुसता पोशाख आहे. माझ्यात ना मोटर, ना तारा. आत माणूस शिरला की मी चालतो, तो बाहेर पडला की कोपऱ्यात उभा राहतो. टीव्हीवर मला पाहून तुमच्या आईवडिलांनी लहानपणी तोंडात बोट घातले असेल. आता मला कोणी ओळखत नाही, म्हणून माझी ओळख मीच करून देतो.

मला एका मेस्त्रींनी घडवले. स्टुडिओमागच्या शेडमध्ये ते लाकडाचे राजवाडे आणि थर्माकोलचे डोंगर बनवत. माझे फायबरचे तुकडे घासताना ते माझ्याशी बोलत, आणि बहुतेक वेळा शिव्याच देत. माझा डावा खांदा चार वेळा बिघडला. शेवटी तो उजव्यापेक्षा बोटभर मोठा झाला तो झालाच. "दोनशे वर्षांनीसुद्धा मेस्त्री असेच असणार," असे म्हणत त्यांनी त्यावर पांढरा रंग मारून टाकला.

ती मालिका दोनशे वर्षांनंतरच्या जगाची होती. तिथे रोग संपले होते, कुंपणे काढून टाकली होती आणि मी मुलांना गणित शिकवत, म्हाताऱ्यांना हात धरून जिना चढवत फिरायचो. मालिका लिहिणाऱ्या बाई सेटवर येत आणि म्हणत, "चांगलं जग आधी कुणीतरी बघायला हवं. बघितलं, की मग माणसं कामाला लागतात." मुलांनी मला अक्षरशः डोक्यावर घेतले. 'आमच्या शाळेत ये, आमचे सर फार ओरडतात,' अशी पत्रे पोत्याने येत.

माझ्या आत जे शिरत, त्यांना सगळे 'आतले काका' म्हणत. बुटके, सडपातळ नट. चेहरा कधीच पडद्यावर आला नाही. काकू कौतुकानेच कुरकुरत, "नवरा रोज टीव्हीवर असतो, पण शेजारणीला दाखवू काय? गुडघा?" काकांना त्याचे काही वाटत नसे. आत घामाने निथळत असतानाही ते लहान मुलाला उचलायच्या आधी दिव्यांखाली तापलेले माझे हात फुंकर मारून गार करायला सांगत.

माझी पाठ आठ बोल्टांनी बंद होई. आतून ती उघडत नसे, आणि पाना फक्त मेस्त्रींच्या खिशात असे. म्हणून दोघांनी एक खूण ठरवली होती. काकांनी आतून छातीवर तीनदा ठोकले, की मेस्त्रींनी धावत यायचे. मग कॅमेरा चालू असो नाहीतर बंद. एकदा नायिका रडत असतानाच ते पाना घेऊन मधे घुसले. दिग्दर्शक संतापले, तेव्हा मेस्त्री बोल्ट फिरवता फिरवता म्हणाले, "रडणं पुन्हा होईल, साहेब. काका पुन्हा होणार नाहीत." ती खूण त्यांनी पुढची कितीतरी वर्षे पाळली.

मग मालिका बंद पडली. लोकांना तेच तेच गोड जग कंटाळवाणे वाटू लागले होते. मी अडगळीत गेलो. माझ्या उजव्या पायात उंदरांनी संसार थाटला, आणि मला खूप एकटे वाटे. पुढे एक दिवस शेडचे दार उघडले आणि नवे दिग्दर्शक आत आले. त्यांची मालिकाही भविष्याचीच होती, पण त्यातल्या जगात पाणी संपलेले होते, ऊन धुराने झाकलेले होते, आणि यंत्रे माणसांना पकडून आपल्या पोटात कोंडत आणि राबवून घेत. मी ते कोंडणारे यंत्र होणार होतो. मित्रांनो, ती मालिका खोटी होती असे मी म्हणणार नाही. ती भीती लोकांच्या मनात होतीच, दिग्दर्शकांनी ती फक्त पडद्यावर आणली.

माझ्या मापात दुसरे कोणी बसेना, म्हणून काकांनाच बोलावले. साठी उलटली होती, तरी ते खुशीत होते. "बघा मेस्त्री, पोट तेवढंच आहे!"

मला काळा रंग दिला. माझ्या मानेवर आणि बगलेत हवेसाठी चौदा फटी होत्या. पांढऱ्या रंगात त्या दिसत नसत, काळ्यावर मात्र दिवे लागले की आतला सदरा दिसे. दिग्दर्शक म्हणाले, "या बुजवा. हे यंत्र सगळीकडून बंद वाटलं पाहिजे."

"आणि हवा?" मेस्त्रींनी विचारले.

"तोंडाची फट आहे ना. शॉट संपला की लगेच उघडू."

दिग्दर्शक वाईट माणूस नव्हते. काकांसाठी ते स्वतः खुर्ची ओढून देत. मेस्त्रींनी थोडी कुरकुर केली आणि चौदाही फटींत स्वतःच्या हाताने लांबी, म्हणजे भेगा बुजवायचा लगदा, भरली.

खूणही बदलावी लागली. कारण गोष्टीतच लिहिले होते, की यंत्रात कोंडलेला कैदी आतून छातीवर ठोकतो. तेव्हा आता काकांनी त्रास झाला तर डावा हात वर करायचा, असे ठरले. त्यांनी तो दहा वेळा वर करून दाखवला.

शॉट नऊ मिनिटांचा होता, मधे न तोडता घ्यायचा. सहाव्या मिनिटाला काकांचा श्वास बदलला. तो माझ्या छातीला आतून ओला होऊन चिकटत होता. मला कळत होते, पण मला आवाज कुठला? त्यांनी ठोकले. एक, दोन, तीन. थांबले. पुन्हा तीन. डावा हात काही उठला नाही. जीव गुदमरू लागल्यावर त्यांना नवी खूण आठवलीच नाही, इतक्या वर्षांची जुनीच हाताशी आली.

मेस्त्री एक पाऊल पुढे आले. पाना त्यांच्या हातात होता. मग त्यांनी दुसऱ्या हातातल्या कागदाकडे पाहिले. 'कैदी आतून ठोकतो,' असे तिथे लिहिलेले होते. ते थांबले.

मी गुडघ्यांवर कोसळलो. दिग्दर्शकांच्या डोळ्यांत पाणी होते. "कट!" म्हणताच सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या संपल्या तरी मी उठलो नाही, तेव्हा मेस्त्री धावले. आठ बोल्ट. घाईत त्यांचा पाना दोनदा सटकला. माझी पाठ उघडली तेव्हा उशीर झालेला होता.

काकू आल्या. त्यांनी कोणाला बोल लावला नाही. मेस्त्रींसमोर उभ्या राहून एवढेच विचारले, "ठोकलं होतं का त्यांनी?"

"हो, वहिनी."

"तुम्ही ऐकलंत?"

"ऐकलं."

त्या काकांच्या चपला घेऊन निघून गेल्या.

शॉट दाखवला गेला. त्याच्याआधी काकांचा फोटो आला, खाली दोन तारखा होत्या. असा अभिनय आजवर पाहिला नाही, असे लोक म्हणाले. माझे काळीज असते तर तेव्हा फाटले असते.

मेस्त्रींनी मला घरी आणले. चौदाही फटींतली लांबी त्यांनी पटाशीने कोरून काढली. आता कोणालाही आत शिरायचे नव्हते, तरी काढली. रंग मात्र बदलला नाही. जिथे काळा खरवडला गेला, तिथे खालचा पांढरा दिसतो.

परवा शेजारची एक मुलगी मला बघायला आली. तिने रंगावर बोट फिरवत विचारले, "आजोबा, यातलं खरं कुठलं? आपलं पुढे पांढऱ्यासारखं होणार की काळ्यासारखं?"

मेस्त्रींनी खरवडलेल्या जागेवर अंगठा ठेवला.

"मला नाही माहीत, बाळा. दोन्ही वेळा आत एकच माणूस होता. पांढऱ्यात होता तेव्हा मी कुणाला न विचारता धावत जायचो. काळ्यात होता तेव्हा मी कागद वाचत बसलो."

मित्रांनो, तुमचे दिवस कसे येतील ते मलाही ठाऊक नाही. चांगल्या जगाच्या गोष्टी पाहा, वाईट जगाच्याही पाहा. फक्त एवढे करा: कोणी आतून ठोकत असेल, तर ते गोष्टीत लिहिले आहे का, हे शोधत बसू नका. आधी उघडा.