वर्षातून एकच फोटो

दर वर्षी ठरल्या तारखेला, सकाळी सव्वानऊच्या ठोक्याला, जरासाहेब गल्लीच्या तोंडाशी उगवायचे. गळ्यात कॅमेरा, काखेत ट्रायपॉड, अंगात दहा खिशांचं जाकीट आणि चेहऱ्यावर असा भाव, की आपण वेळेवर पोचलो नसतो तर ही गल्ली आपली आपण उठून निघून गेली असती. हे नाव त्यांना चावीवालीनं ठेवलं होतं, कारण त्यांचं कुठलंही बोलणं 'जरा'शिवाय सुरू होत नसे. जरा ती सायकल हलवा. जरा ते वाळत घातलेलं काढा. जरा ताई, तुम्हीसुद्धा.

ताई म्हणजे चावीवाली. जुन्या तीनमजली इमारतीच्या दाराशी, नेमकी कॅमेऱ्याच्या समोर तिची बैठक. सासरे गेले आणि त्यांची जागा तिच्याकडे आली, त्याच वर्षी जरासाहेबही पहिल्यांदा आले. बदलत्या शहराची नोंद ठेवायची, तीच इमारत, तीच जागा, तीच वेळ, असं त्यांचं काम. ट्रायपॉडचे पाय दर वर्षी त्याच ठिकाणी यावेत म्हणून फरशीवर तीन खुणा चावीवालीनंच आपल्या छिन्नीनं मारून दिल्या होत्या.

कामाची रीत ठरलेली. आधी साहेब एक राखाडी पुठ्ठा तिच्या हातात द्यायचे. ती आपल्या स्टुलावर बसल्या बसल्या तो छातीशी धरायची. एक खटका वाजायचा. उजेड बघायला, म्हणे. मग पुठ्ठा परत जायचा आणि 'जरा बाजूला' यायचं. समोर काही आलं की वास्तू बोलत नाही, असं साहेबांचं मत होतं. साहेब असताना वास्तूला बोलायला सवड कधी मिळायची, हे चावीवालीला कळत नसे, पण ती मुकाट्यानं उठायची. चावी घासायचं यंत्र, स्टूल, मोठी छत्री आणि पाटी म्हणून टांगलेली पत्र्याची हातभर लांब चावी, असा सगळा संसार उचलून ती साहेबांच्या पाठीमागे जायची. सायकली जायच्या, कपडे जायचे, दारातली माणसं आत जायची. मग तीच छत्री ती साहेबांच्या डोक्यावर धरायची, कारण भिंगावर तिरीप यायची. दुसरा खटका. साहेब म्हणायचे, "ताई, तुमच्याशिवाय हे काम होणंच शक्य नाही." आणि वर्षभर गायब व्हायचे.

खरं सांगायचं तर तिला ते आवडायचं. अठरा वर्षांत दुसऱ्या कुणी तिच्याकडे कॅमेरा रोखला नव्हता.

मग इमारत पाडायची नोटीस लागली. नवी होणार, उंच होणार, आणि खाली जुन्या बसणाऱ्यांना छोटे गाळे मिळणार. कचेरीत खिडकीपलीकडच्या बाईंनी चावीवालीचा अर्ज पाहिला आणि परत सरकवला.

"परवाना सासऱ्यांच्या नावावर आहे. तुम्ही तिथं किमान पंधरा वर्षं बसता, याचा पुरावा?"

"सगळी गल्ली सांगेल."

"गल्लीला शिक्का नसतो, ताई. तारखेचा फोटो आहे का? बैठक दिसली पाहिजे आणि बैठकीवर तुम्ही. सोमवारपर्यंत."

"एक कशाला," चावीवाली म्हणाली, "अठरा आहेत." आणि ती अशा ऐटीत बाहेर पडली, की रांगेतल्या माणसांनी वाट करून दिली.

योगायोगानं त्याच आठवड्यात जरासाहेबांचं प्रदर्शन लागलं होतं. 'माणसं पुसली जाताना' असं त्याचं नाव. चावीवाली नणंदेला बरोबर घेऊन गेली. दोघींनी चांगले कपडे घातले होते, कारण भिंतीवर अठरा वेळा टांगलेल्या बाईनं गबाळं जाणं बरं दिसलं नसतं.

लांबलचक पांढरी भिंत. तिच्यावर अठरा भलेमोठे फोटो. पहिल्यात खिडक्यांना पडदे, मग एक खिडकी विटांनी बुजवलेली, मग भिंतीला भेग, मग भेगेवर रंग, मग रंगातून पुन्हा तीच भेग. माणूस मात्र एकाही फोटोत नाही. मांजरसुद्धा नाही.

"वहिनी," नणंद हळूच म्हणाली, "अठरा वर्षं कर्फ्यू होता का गं तुमच्याकडे?"

चावीवाली पहिल्या फोटोपासून शेवटच्यापर्यंत गेली आणि पुन्हा उलटी आली. तिकडे जरासाहेब माइकसमोर उभे होते. "मी वर्षातून एकच फोटो काढतो," ते सांगत होते. "कळ एकदाच दाबतो. दुसरा फोटो म्हणजे पहिल्यावर दाखवलेला अविश्वास." सरबताचे पेले हातात धरून उभी असलेली मंडळी हळहळली. पहिल्या रांगेत कुठल्याशा मासिकाच्या बाई बसल्या होत्या, त्यांनी ते वाक्य वहीत उतरवून खाली रेघ मारली.

टाळ्या संपल्यावर चावीवाली पुढे झाली. "साहेब, मी कुठाय?"

साहेबांनी हात जोडले. "ताई, तुम्ही या प्रत्येक फोटोत आहात. अनुपस्थितीच्या रूपानं."

आजूबाजूचे दोघंतिघं "वा" म्हणाले.

"अनुपस्थितीला गाळा मिळतो का, ते विचारावं लागेल," चावीवाली म्हणाली. "पण तो आधीचा फोटो कुठाय? पुठ्ठ्याचा?"

"आधीचा कुठला?" मासिकाच्या बाईंनी वही पुन्हा उघडली.

साहेब चावीवालीला जवळजवळ ओढतच सरबताच्या टेबलामागे घेऊन गेले. कचेरी, सोमवार, गाळा, सगळं तिनं एका दमात सांगितलं. साहेबांनी ऐकलं आणि कपाळ पुसलं.

"ते फोटो नव्हेत, ताई. ती नुसती उजेडाची तपासणी."

"तपासणीत मी आहे ना?"

"आहात. पण समजून घ्या जरा. एकच फोटो, एकच कळ, हे मी अठरा वर्षं सांगत आलोय. पुस्तकात छापलंय. हे बाहेर आलं तर माझी काय शोभा राहील?"

चावीवालीच्या डोक्यात तिडीक गेली. या माणसाच्या डोक्यावर छत्री धरून तिचे हात अवघडले होते. त्याच्यासाठी सकाळचं गिऱ्हाईक तिनं परत पाठवलं होतं, आणि तो तिला शोभा समजावत होता. ती अपमानानं लाल झाली, पण आवाज तिनं चढवला नाही.

"साहेब, उद्या फोटो आले नाहीत, तर त्या वहीवाल्या बाईंना मी पुठ्ठा कसा धरायचा ते करून दाखवते."

दुसऱ्या दिवशी सव्वानऊला साहेब स्वतः पाकीट घेऊन हजर. वर्षातून दोनदा ते गल्लीत दिसायची ही पहिलीच वेळ. "कचेरीशिवाय कुणालाही दाखवायचे नाहीत," असं त्यांनी तिच्याकडून वचन घेतलं. चावीवालीनं शब्द पाळला. नणंदेनं आदळआपट केली, तरी पाकीट तिनं कचेरीच्या खिडकीतच उघडलं.

खिडकीतल्या बाईंनी फोटो एकेक करून पाहिले. प्रत्येकाच्या कोपऱ्यात तारीख आणि वेळ होती. मधेच त्यांनी विचारलं, "हा पुठ्ठा कसला?"

"रंग जुळवायचा."

"बरं." मग त्यांनी धडाधड शिक्के मारले आणि चावीवालीचा जीव भांड्यात पडला. "आता नियमाप्रमाणे पंधरा दिवस फलकावर लावू. कुणाची हरकत असेल तर यायला हवी ना."

त्याचा अर्थ चावीवालीला दुसऱ्या दिवशी कळला. कचेरीच्या व्हरांड्यात, पाणीपट्टीच्या रांगेला लागूनच फलक होता, आणि त्यावर दोन ओळींत तिचे अठरा फोटो टाचलेले होते. समोर ही गर्दी. पाणीपट्टीवाले रांग सोडून आले होते, निम्मी गल्ली आली होती, आणि सगळ्यांच्या पुढे नणंद होती.

ते फोटो 'जरा बाजूला'च्या आधीचे होते, म्हणून त्यांत सगळे होते. सायकली होत्या, वाळत घातलेले कपडे होते, जिन्यात दात घासणारा माणूस होता. कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या शिंप्याला सहाव्या फोटोत दारात बसून सुईत दोरा ओवणारी त्याची बायको सापडली. ती जाऊन दहा वर्षं झाली होती. तो त्या फोटोसमोरून हलला नाही.

आणि सगळ्यांच्या मधोमध चावीवाली, छातीशी पुठ्ठा धरलेली. पहिल्या फोटोत केस काळेभोर, ओठ घट्ट मिटलेले, खांदे वर चढलेले. सासरे नुकतेच गेले होते आणि तिला चावी धड घासता येत नव्हती, हे त्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. पुढे खांदे खाली येत गेले, छत्र्या बदलत गेल्या, केस पिकत गेले. चावीवालीला त्या पहिल्या बाईची फार माया आली. आपल्याला कुणीतरी पाहिलं होतं, असं तिला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच वाटलं, आणि पाहणाऱ्याला त्याचा पत्ताच नव्हता.

दुपारी जरासाहेब आले. बातमी पोचायला वेळ लागला नव्हता, कारण मासिकाच्या बाई त्यांच्या आधीच येऊन वही भरत बसल्या होत्या. साहेब गर्दीतून वाट काढत फलकापाशी पोचले आणि नाक टेकेल इतके जवळ गेले.

"फोटोंबद्दल हरकत आहे का?" खिडकीतून विचारणा झाली. "अर्ज इथं मिळेल. कारण लिहावं लागेल."

साहेबांनी अर्ज घेतला. पेनाचं टोपणही काढलं. कारणाच्या ओळीवर पेन टेकवून त्यांनी पुन्हा एकदा फलकाकडे पाहिलं, पहिल्यापासून अठराव्यापर्यंत, सावकाश. त्यांचा चेहरा उतरत गेला. माणूस कितीही भाव खाणारा असला तरी नजर त्यांची चांगली होती, आणि आपल्या प्रदर्शनाच्या भिंतीवर काय नव्हतं ते त्यांना आता दिसत होतं.

"हरकत नाही," ते म्हणाले आणि पेन खिशात ठेवलं.

चावीवालीला क्षणभर त्यांची कीव आली. तेवढ्यात त्यांचा हात कॅमेऱ्याकडे गेला. चार पावलं मागे सरून त्यांनी फलक डोळ्यांत मापला आणि गर्दीकडे वळून म्हणाले, "जरा सगळे बाजूला होता का?"

कुणी हललं नाही. शिंप्यानं मागे वळूनही पाहिलं नाही.

"साहेब," चावीवाली म्हणाली, "जरा तुम्हीच व्हा. मागच्यांना दिसत नाही."

साहेब बाजूला झाले.